ऊसतोडीच्या हंगामी वसतिगृहासाठी दिवाळीचा मेल: कधी पाठवावा, काय लिहावं?

गोदाकाठ

आमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, मार्च-एप्रिलात परततात. तेवढे साधारण सहा महिने मुलं आमच्याकडे असतात. यंदा ६४ मुलांची सोय करायची आहे. जेवण, साबण-तेल, वह्या सगळं धरून एका मुलाला महिन्याला २,८०० रुपये लागतात.

देणगीदारांचे २,३०० ईमेल पत्ते आहेत, बहुतेक जुन्या पावतीपुस्तकांवरून एक्सेलमध्ये उतरवलेले. त्यातले अडीच-तीनशे लोक अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबईत आहेत. दर दिवाळीला पणतीचं चित्र, "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा" आणि खाली बँक खात्याचा क्रमांक असा एकच मेल संस्थेच्या जीमेलवरून बीसीसी करून (सगळ्यांना एकदम, एकमेकांचे पत्ते न दिसता) जातो. उत्तरं जवळपास शून्य, आणि "तुमचा मेल स्पॅममध्ये सापडला" असं सांगणारेच जास्त.

कोणकोणत्या सणांना मेल पाठवावेत? शुभेच्छांच्या मेलमध्ये पैसे मागावेत का? आणि स्पॅमचं काय करायचं? कृपया नेमकं सांगा. "मनापासून लिहा" हे आधीच ऐकून झालंय.

---

पावतीपुस्तक

दिवाळी आणि तुमच्या कामाचा हंगाम एकाच आठवड्यात येतात. हे फार थोड्या संस्थांच्या नशिबी असतं, आणि तुम्ही ते पणतीच्या चित्राखाली झाकून ठेवलंय!

सणाच्या निमित्ताने देणगी मागणं मराठी माणसाला नवं नाही. पुण्यात मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या कर्वे संस्थेचा भाऊबीज निधी ईमेल यायच्या कितीतरी आधीपासून गोळा होतोय. घरातल्या बहिणीला ओवाळणी घालता तशी हिंगण्याला त्या संस्थेत शिकणाऱ्या बहिणीलाही घाला, एवढीच ती कल्पना. त्यातून भाऊबीज काढली तर मागणीच कोसळते. तुमच्या मेलला हीच कसोटी लावा. सणाचा उल्लेख खोडून मेल वाचा. काहीच बिघडलं नाही तर सण वरून चिकटवलेला आहे.

आता पंचांग. यंदा, म्हणजे २०२६मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आहेत. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा उचलू नका, आणि पुढे आकड्यांची तुलना करतानाही ऑक्टोबरची ऑक्टोबरशी करू नका. "वसुबारसेच्या आधीचे १५ दिवस" अशी करा.

गणपती १४ सप्टेंबरला बसतात. तेव्हा काही मागू नका. सोसायटीची, गल्लीची, ऑफिसची वर्गणी देऊन माणसाचा खिसा आणि कान दोन्ही थकलेले असतात.

पितृपक्ष २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. दानउत्सव, म्हणजे देशभरातला दानाचा आठवडा, दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबरला असतो, म्हणजे यंदा तो अख्खा पितृपक्षात पडलाय. शहरी संस्था त्या आठवड्यात "आनंद वाटा" छापाचे रंगीत मेल पाठवतील. तुम्ही उलट साधा, बिनचित्राचा मेल पाठवा: आई-वडिलांच्या स्मरणार्थ वसतिगृहाचा एक दिवस. हिशेब असा: ६४ गुणिले २,८०० म्हणजे महिन्याला १,७९,२००, म्हणजे दिवसाला साधारण ६,०००. "शुभेच्छा" हा शब्द ह्या मेलमध्ये कुठेही नको, सहीतसुद्धा नको. वसतिगृह तेव्हा सुरू झालेलं नसेल, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिलमधली एखादी तारीख निवडायला सांगा: वाढदिवस, लग्नाचा दिवस, वडील गेले ती तिथी. एक शीट करा, तारखेमागे एक ओळ. एकाच तारखेला दोघं आले तर दोघांचीही नावं फळ्यावर लिहायची, हे आधीच ठरवून मेलमध्ये सांगा. नाहीतर २६ जानेवारीवरून दोन देणगीदार रुसतात.

दिवाळी: वसुबारस ५ नोव्हेंबर, धनत्रयोदशी ६, लक्ष्मीपूजन रविवारी ८, पाडवा १०, भाऊबीज ११. धनत्रयोदशी ते पाडवा ह्या काळात मागणीचा मेल म्हणजे भर बाजारात कानात बोलण्यासारखं. सोनं, कपडे, टीव्ही, मिठाई, सगळ्यांचे मेल तेव्हाच येतात. तुमचा मुख्य मेल मंगळवारी, २७ ऑक्टोबरला जाऊ द्या. टोळ्या निघताहेत, मुलं दाखल होताहेत, ती खरी बातमी असते. आठवड्याने ३ नोव्हेंबरला आठवण, तीही ज्यांनी अजून दिलं नाही त्यांनाच. ८ तारखेला सकाळी सगळ्यांना चार ओळींच्या शुभेच्छा. त्यात बटण नाही, क्यूआर नाही, खाते क्रमांक नाही. शुभेच्छांत मागावं का ह्या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे: मागायचा मेल वेगळा, शुभेच्छांचा वेगळा, आणि मागायचा आधी.

मेल सकाळी १० ते ११च्या दरम्यान सोडा. त्यामागे एकच कारण आहे: वाचून कुणी फोन केला तर उचलायला ऑफिसात माणूस असतो.

पुढचा मेल संक्रांतीला. मुलं कशी आहेत, हजेरी किती, कुणाचं वजन वाढलं. मागणी नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आर्थिक वर्षअखेरीचा कोरडा, कामापुरता मेल. आणि एक गंमत: २०२६मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला होता, तेव्हा पाडवा आणि ३१ मार्च एकाच मेलात खपून गेले असते. २०२७मध्ये पाडवा ७ एप्रिलला आहे. ते दोन मेल वेगळेच करावे लागतील. तुम्हाला ते सोयीचंच, कारण तोवर टोळ्या परतायला लागतील आणि पाडव्याच्या मेलमध्ये "मुलं घरी गेली" हे लिहिता येईल.

अक्षय्य तृतीया, आषाढी, राखी, नवरात्र सोडून द्या. पाण्यावर काम करणाऱ्या संस्थेला अक्षय्य तृतीया शोभते, तुम्हाला ती ओढूनताणून होईल.

---

शून्यमात्रा

वरचं सगळं तेव्हाच उपयोगी, जेव्हा मेल पोचेल. तांत्रिक बाजू सांगतो.

बीसीसी आजपासून बंद. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांनाच मेल जातो, त्यामुळे तुमचे २,३०० पाच दिवस चालतात आणि मध्येच खातं अडकतं. शिवाय बीसीसीत "मला नको" म्हणायची सोय नसते. मग ज्याला नको असतो तो "स्पॅम" दाबतो.

संस्थेचं स्वतःचं डोमेन (संस्थेच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता) घ्या. नोंदणीकृत संस्थांना गूगल फॉर नॉनप्रॉफिट्समधून वर्कस्पेस (स्वतःच्या डोमेनवर चालणारं जीमेल) फुकट मिळतं, पण पडताळणीला वेळ जातो, तेव्हा अर्ज आत्ताच करा. घाऊक मेल तरीही वर्कस्पेसमधून नको, त्यासाठी मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्या. त्या सेवेत "प्रेषक" म्हणून जुना जीमेल पत्ता घालू नका. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जीमेलच्या नावाने गेलेला मेल तपासणीत जुळत नाही.

मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवण्यासाठी डोमेनवर तीन नोंदी कराव्या लागतात: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वर्कस्पेसची एसपीएफ नोंद आधीच असते आणि मेलसेवेने दिलेली दुसरी तिच्याखाली टाकली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन झाल्या की तपासणीच नापास होते. दोन्ही एका ओळीत एकत्र करा. डीमार्क सुरुवातीला "नन"वर (none, कारवाई नको) ठेवा, म्हणजे काही अडवलं जाणार नाही आणि अहवाल तेवढे येतील.

फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना ह्या तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची केली आहे. तुम्ही त्या आकड्याच्या खाली आहात, तरी सगळं करा. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत असाव्यात, शक्यतो ०.१च्या आत, असं जीमेल सांगतं. तुमच्या यादीत ०.३ टक्के म्हणजे किती? सात माणसं. सात जणांनी वैतागून बटण दाबलं की झालं.

आता यादी. पावतीवरून उतरवलेल्या पत्त्यांत जीमेलच्या स्पेलिंगची तोडमोड, शेवटी "कॉम"ऐवजी "कॉन", मध्येच मोकळी जागा, हे असणारच. एक्सेलमध्ये डोमेननुसार क्रम लावा, चुकीची सगळी एकाखाली एक दिसतील. मग सप्टेंबरपासून हळूहळू सुरू करा. गेल्या दोन वर्षांत देणगी दिलेले पहिले ३०० घ्या, तीन दिवस थांबा, मग ५००, मग बाकीचे. नव्या डोमेनवरून दिवाळीच्या दिवशी एकदम २,३०० सोडलेत तर जीमेलला तुम्ही आणि भामटा सारखेच दिसता. "असा पत्ताच नाही" म्हणून परत आलेले पत्ते त्याच दिवशी काढा, पुन्हा पाठवून बघू नका.

हा पहिला सप्टेंबरचा मेल सणाचा नसावा. "आपण अमुक साली देणगी दिली होती, म्हणून हा पत्ता आमच्याकडे आहे. वर्षाला सहा-सात मेल येतील. नको असल्यास इथे टिचकी मारा." एवढाच. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. पावतीसाठी दिलेला पत्ता आवाहनासाठी वापरताना परवानगीची नोंद हाताशी असलेली बरी.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या पत्रकांचा मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर चिकटवल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं-चिन्हं दिसतील. रूपांतर केल्यावर "ऱ्य", "ऱ्ह" आणि जोडाक्षरं एकेक तपासा, तिथेच मोडतोड होते. वर्डमधून थेट चिकटवू नका, कंट्रोल-शिफ्ट-व्हीने साधा मजकूर घ्या. वर्ड स्वतःबरोबर न दिसणारा कचरा आणतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह मुळातच तीन बाइटचं. १०२ केबीच्या पुढे गेलेला मेल जीमेल कापतं आणि खाली "पूर्ण संदेश पहा" येतं. कापलेल्या भागात नेमकी नाव काढायची लिंक जाते. मग पुन्हा स्पॅमचं बटण.

अक्षर १७-१८ पिक्सेल, ओळीतलं अंतर अक्षराच्या १.६ पट. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, आणि साठीपुढचा वाचक तिथेच सोडतो. सुंदर फॉन्टच्या मागे लागू नका, बहुतेक मेल-ॲप तो उचलतच नाहीत.

चित्र एकच. रुंदी १,२०० पिक्सेल, वजन २०० केबीच्या आत, आणि चित्र न दिसल्यास वाचता येईल असा पर्यायी मजकूर. अख्ख्या शुभेच्छा चित्रातच लिहून पाठवणं ही व्हॉट्सॲपची सवय आहे. चित्रं बंद असतील तर मेल कोरा दिसतो, आणि मजकुराशिवाय नुसतं चित्र हे स्पॅमवाल्यांचंही लाडकं तंत्र.

नावांबद्दल. एक्सेलमध्ये नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये असणार, काहींच्या मागे आधीच "श्री." लागलेलं. "प्रिय" जोडून आपोआप घातलं की मराठी मजकुरात मध्येच कॅपिटल नाव ओरडतं, किंवा "श्री. श्री." होतं. यादी धड होईपर्यंत नुसतं "सप्रेम नमस्कार" चांगलं. आणि जुन्या पावत्या म्हणजे काही देणगीदार आज हयात नसणार. तळाशी एक ओळ ठेवा: "हा पत्ता आता दुसरं कोणी पाहत असेल तर ह्या मेलला उत्तर देऊन कळवा." कळवलं की त्याच दिवशी नाव काढायचं.

शेवटी आकडे. "इतक्यांनी मेल उघडला" ह्यावर विसंबू नका. ॲपलने २०२१पासून मेल माणसाच्या आधी स्वतःच उघडायची सोय आणली आहे, त्यामुळे तो आकडा फुगतो. टिचक्या, उत्तरं आणि देणग्या मोजा.

---

हिशेबवही

परदेशातल्या अडीच-तीनशे पत्त्यांवर कुणी बोललं नाही, आणि खरी भानगड तिथेच आहे.

संस्थेला एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) आहे का? ती किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी नागरिकाकडून एक रुपयाही घेता येत नाही. असेल तर ती रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच आली पाहिजे. तुमच्या दिवाळीच्या मेलमध्ये सगळ्यांना एकच बीडचं खातं जातं. न्यू जर्सीतल्या कुणी प्रेमाने त्यात पैसे टाकले तर घोळ तुमच्या गळ्यात.

इथे देश बघायचा नाही, पासपोर्ट बघायचा. दुबईत राहणारा भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पैसे पाठवतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत मात्र मागून ठेवा. उलट ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले, मूळचे भारतीय) काका पुण्यात मुक्कामी असले आणि इथल्याच खात्यातून रुपये पाठवले, तरी ती परदेशी देणगी, कारण नागरिकत्व अमेरिकेचं. म्हणून देणगीच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न: "आपला पासपोर्ट कोणत्या देशाचा?" उत्तर भारताबाहेरचं आलं की फॉर्मने पुढे जाऊच देऊ नये, किंवा एफसीआरएच्या पानावर पाठवावं.

ज्यांचं नागरिकत्व माहीत नाही त्यांची वेगळी यादी करा. त्यांना बिनबटणाचा, नुसत्या बातमीचा मेल. सप्टेंबरच्या त्या ओळखीच्या मेलमध्येच त्यांना विचारून घ्या. अमेरिकेतल्या नागरिकांना तिथली करसवलत तिथल्या नोंदणीकृत संस्थेला दिल्यावर मिळते, बीडच्या संस्थेला थेट दिल्यावर नाही. तशी एखादी भागीदार संस्था असेल तरच त्यांना १ डिसेंबरच्या गिव्हिंग ट्यूसडेचा, म्हणजे तिथल्या दानदिवसाचा, मेल पाठवण्यात अर्थ आहे (तो थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार असतो). त्या संस्थेकडून तुमच्याकडे येणारे पैसेही एफसीआरए खात्यातच.

करसवलतीची ओळ. "८०जी अंतर्गत कर वाचवा" हे मथळ्यात घालायचे दिवस गेले. नव्या कररचनेत ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४पासून तीच आपोआप लागू होणारी रचना आहे. पगारदार वाचकांपैकी पुष्कळांना तुम्ही नसलेलं आमिष दाखवाल. शिवाय १ एप्रिल २०२६पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे आणि ८०जीची तरतूद त्यात कलम १३३मध्ये गेली आहे. मेलची तळटीप आणि पावतीवरचा छापील मजकूर दोन्ही सीएंना दाखवून बदलून घ्या, फॉर्मचे क्रमांकही त्यांच्याकडूनच घ्या. रोख २,०००च्या वर दिलं तर वजावट नाही, हे मात्र मेलमध्ये आवर्जून लिहा. दिवाळीत पाकीट घेऊन येणारे बरेच असतात.

आणखी एक ओळ तुमचे पन्नास फोन वाचवेल: "पावती लगेच मिळेल, करसवलतीचं प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर." लोकांना दोन्ही एकच वाटतं.

क्यूआरबद्दल. मेल वाचतो तो फोनवर, आणि क्यूआर त्याच फोनच्या पडद्यावर. स्कॅन कशाने करणार? बटण द्या. बटणामागे थेट यूपीआयची लिंक नको, बऱ्याच मेल-ॲपमध्ये ती दाबल्यावर काहीच होत नाही. साध्या वेबपानावर न्या, तिथे नाव, पॅन, ईमेल आणि मग पैसे. नुसता यूपीआय आयडी छापलात तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये १२ आकडी क्रमांक आणि अर्धवट नाव येतं. पावती कुणाला द्यायची हे कळायला दिवाळीची सुट्टी जाते.

---

चिंचेचा_पार

पंचांगाला एक पुरवणी. दसऱ्याला सगळ्यांना सरसकट सोनं वाटू नका. १४ ऑक्टोबर १९५६ला, अशोक विजयादशमीला, नागपुरात डॉ. बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बीड-परभणीच्या देणगीदारांत अनेकांसाठी तो दिवस धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. तुमच्या वसतिगृहातल्या काही मुलांसाठीही असेल. आणि ६ डिसेंबरला "शुभेच्छा" पाठवणाऱ्या संस्था दरवर्षी एखाददुसरी तरी दिसतेच. तो महापरिनिर्वाण दिन आहे, अभिवादनाचा.

आडनावावरून धर्म-जात ताडून याद्या पाडू नका. चुकलं तर अपमान, बरोबर आलं तर "ह्यांना कसं कळलं" हा संशय. सप्टेंबरच्या मेलमध्येच पर्याय द्या: दिवाळीचा मेल हवा, फक्त वसतिगृहाच्या बातम्या हव्यात, वर्षातून एकदाच हवा. सणाचा नको असलेल्यालाही २७ ऑक्टोबरचा मेल चालेल, कारण तो हंगामाचा आहे. ८ तारखेचा तेवढा त्याला जाणार नाही.

संक्रांतीला हळदीकुंकवाचं चित्र नको. तुमच्याकडे येणाऱ्या आयांत, आज्यांत, देणगीदार बायकांत कितीतरी विधवा असतील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, निदान त्याची आठवण ठेवा. तिळगुळाची वडी पुरे.

मुलांचे चेहरे दाखवू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ची मनाई आहे. तुमची सगळी मुलं त्या व्याख्येत बसोत वा न बसोत, पालकांच्या लेखी परवानगीशिवाय फोटो नकोच. मातीच्या किल्ल्यावर ठेवलेला मावळा आणि त्यामागे चिखलाने भरलेले दोन हात, एवढा फोटो पुरतो.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. एफसीआरए नोंदणी नाही, तेव्हा परदेशातली यादी आजच बाजूला काढतो. २७ ऑक्टोबरच्या मेलचा कच्चा खर्डा देतोय, निर्दयपणे बघा.

विषय: दीपावलीनिमित्त मदतीचे नम्र आवाहन

"आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! आपल्या घरी दिव्यांची रोषणाई होत असताना आमच्या वसतिगृहातील ६४ चिमुकल्यांच्या आयुष्यात मात्र अंधार आहे. त्यांच्या आई-वडिलांना पोटासाठी ऊसतोडीला जावे लागते. आपल्या मदतीचा एक दिवा त्यांचे आयुष्य उजळू शकतो. तरी फूल ना फुलाची पाकळी म्हणून सढळ हस्ते मदत करावी, ही नम्र विनंती."

---

पावतीपुस्तक

निर्दयपणेच बघतो.

विषयाच्या ओळीत "मदतीचे नम्र आवाहन" आलं की माणूस न उघडताच ओळखतो. फोनवर ३०-३५ अक्षरंच दिसतात, त्यात बातमी हवी.

"आयुष्यात अंधार" काढा. मुलं वसतिगृहात किल्ला करताहेत, अंधार कुठला? हा मेल उद्या एखाद्या मुलाच्या थोरल्या भावाच्या फोनवर जाईल. त्याला वाचून लाज वाटू नये. आठवीतल्या पोराला "चिमुकला" म्हटलेलं त्यालाही चालणार नाही. "मदतीचा एक दिवा" त्याच आठवड्यात आणखी दहा संस्था लावणार आहेत. आणि "सढळ हस्ते" म्हणजे किती? आकडा नसला की वाचक "नंतर बघू" म्हणतो.

तुमच्याकडे जे शब्द आहेत ते बाकी कुणाकडे नाहीत: टोळी, मुकादम, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), कोयता, फड (तोडणीचं उसाचं शेत). त्यातले दोन-तीनच वापरा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला "एक कोयता" म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे ठाऊक नसतं, तो शब्द वापरलात तर तिथल्या तिथे उलगडा. मी असा लिहीन:

विषय: टोळ्या निघाल्या, मुलं इथेच
विषयाखालची ओळ: ६४ मुलांचा हंगाम सुरू. एका दिवसाचा खर्च ६,००० रुपये.

"सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात गावातली शेवटची टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, पत्रे, धान्याची पोती आणि कोयते चढले. ६४ मुलं चढली नाहीत. ती एप्रिलपर्यंत वसतिगृहात राहतील आणि रोज शाळेत जातील.

ह्या मुलांची दिवाळी आई-वडिलांशिवाय होते. किल्ला अंगणात होतो, चिवडा आणि शंकरपाळ्या स्वयंपाकघरात. भाऊबीजेच्या संध्याकाळी एकेकाला फडावर फोन लावून देतो.

सगळ्या मुलांचा एका दिवसाचा खर्च ६,००० रुपये आहे. एका मुलाचा एका महिन्याचा २,८००. आपल्याला जमेल तो आकडा निवडा. दिवस निवडलात तर त्या तारखेला फळ्यावर आपलं, किंवा आपण सांगाल त्यांचं, नाव लिहू.

यंदा जमत नसेल तर काहीच करू नका. संक्रांतीला मुलांची खबर कळवूच."

मग एकच बटण, "एक दिवस माझ्याकडून". खाली वसतिगृहाच्या अधीक्षकांचं नाव आणि फोन. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव अशा तीन सह्या नकोत.

ह्यातलं जे तुमच्याकडे खरंच घडतं तेच ठेवा. फडावर फोन लावून देत नसाल तर ते वाक्य काढा, किंवा यंदापासून लावून द्या.

८ तारखेच्या शुभेच्छा ह्याहून लहान: किल्ल्याचा फोटो, "आमचा किल्ला झाला. तुमचा?" आणि शुभ दीपावली. लोक आपल्या घरच्या किल्ल्याचे फोटो परत पाठवतील. ते मुलांना दाखवा आणि संक्रांतीच्या मेलमध्ये तसं लिहा. मात्र उत्तरं जातील तो पत्ता सुट्टीतही कुणीतरी रोज बघायला हवा. "ह्या पत्त्यावर उत्तर देऊ नये" असा पत्ता तिथे ठेवलात तर सगळंच मुसळ केरात.

---

गोदाकाठ

पटलं. फोन आम्ही लावून देतोच, एका मोबाइलवर ६४ जणांची रांग असते, ते लिहायचं कधी सुचलं नव्हतं. शेवटची शंका: ३ नोव्हेंबरची आठवण "न दिलेल्यांनाच" म्हणालात. मेलसेवेला कुणी दिलं हे कळणार कसं?

---

हिशेबवही

आपोआप नाही कळणार. फॉर्ममधून आलेले तेवढे कळतील. जुने देणगीदार मात्र मेल वाचून सवयीप्रमाणे थेट खात्यात एनईएफटी करतात, किंवा भाच्याला चेक घेऊन पाठवतात. त्यांना "अजून आपली देणगी पोचली नाही" असा मेल गेला की पुढची पाच वर्षं विसरा.

२ नोव्हेंबरला संध्याकाळी बँकेचं स्टेटमेंट आणि पावतीपुस्तकाची स्थळप्रत घेऊन बसा. २७ तारखेपासूनची प्रत्येक जमा रक्कम यादीतल्या नावाशी जुळवा आणि त्या पत्त्यांना "दिली" अशी खूण करा. ज्या रकमेचं नाव लागत नाही, तिच्याशी जुळू शकतील असे सगळे पत्तेही आठवणीतून वगळा. आठवणीच्या मेलमध्ये पहिली ओळ ठेवा: "आपण आधीच दिलं असेल आणि पावती आली नसेल तर ह्या मेलला उत्तर म्हणून तारीख आणि रक्कम तेवढी कळवा." न जुळलेल्या रकमांपैकी निम्म्या तरी त्याच दिवशी सुटतात.